पालथा पेला

थंडी पडली की सुलभा माझ्या हातातून चहाचा कप काढून घेते. आधी स्वतः बोट लावून बघते, मग दोन मिनिटं ओट्यावर ठेवते आणि मग मला देते. साठी उलटलेल्या नवऱ्याला बायको चहा निववून देते, हे बघायला आमच्या इंदिरानगरातल्या शेजाऱ्यांनी अजून तिकीट लावलेलं नाही एवढंच. काल सकाळी यंदाची पहिली खरी थंडी पडली. गॅलरीच्या गजांवर दव होतं. खाली कुणीतरी जुनी गाडी चालू केली आणि इंजिन तापायच्या आतच दुसरा गिअर टाकला. खर्रर्र! "गाढवा," मी म्हणालो. "कुणाला?" सुलभाने विचारलं. मी कप मागितला. तिने दिला नाही.

गिअर थंडीतच पारखावा. उन्हाळ्यात कुठलाही गिअरबॉक्स सभ्य वागतो. तेल पातळ झालेलं असतं, दात झिजलेले असले तरी लपतात. पौषातल्या सकाळी, तेल काकवीसारखं घट्ट झालेलं असताना, इंजिन चालू करून लगेच गाडी काढावी आणि पहिल्यातून दुसऱ्यात जावं. तिथे मेकॅनिकची सगळी विद्या बाहेर पडते. ज्याला हे कळत नाही त्याने रिक्षा चालवावी, असं मी चारचौघांत म्हणायचो. एकदा एका रिक्षावाल्यासमोरच म्हणालो होतो. तो बिचारा हसला होता.

अंबडच्या एका कारखान्यात मी गिअर तपासायचो. डायल होते, गेज होते, सगळं होतं, पण शेवटी वरचे साहेब म्हणायचे, "एकदा नानांचा हात लागू द्या." नाना म्हणजे मी. हात म्हणजे डावा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून गिअरचा दांडा डाव्या हाताला येतो. तो दांडा मुठीत धरायचा नसतो. अंगठा आणि दोन बोटं, आमटीत मीठ टाकताना धरतो तेवढी चिमूट. दांडा पहिल्यातून सुटतो, मधल्या मोकळ्या जागेत येतो, मग दुसऱ्यात जाताना जरासा अडतो. आत एक पितळेची कडी असते, ती दोन चाकांचा वेग जुळवून घेते, म्हणून हा अडथळा. मग एक बारीक खटका लागतो आणि दुसरा गिअर पडतो. हे सगळं चिमटीत कळलं पाहिजे. मूठ वळावी लागली तर त्याला गिअर म्हणू नये, खलबत्ता म्हणावं.

ही माझी वाक्यं लोकांना तोंडपाठ होती. नव्वदच्या पुढची ती वर्षं. अंबडमध्ये तिन्ही पाळ्या चालायच्या, द्राक्षांचा पैसा नवा नवा गावात येत होता, आणि नाशकात जुन्या गाड्या पाळणारी दहाबारा माणसं रविवारी सकाळी पाथर्डी फाट्यावरच्या एका शेडमध्ये जमायची. गिअरबॉक्स नवा बांधून झाला की परीक्षा व्हायची आणि परीक्षक मी. विल्होळीपर्यंत जायचं आणि परत यायचं. मेकॅनिकने चहा करून ठेवायचा. मी उतरायचो, चहाचा पेला घ्यायचो आणि सगळ्यांसमोर प्यायचो. बोलायचं काहीच नाही. चहा संपला की पेला गाडीच्या बॉनेटवर ठेवायचा. सरळ ठेवला तर गिअर पास. पालथा घातला तर गिअरबॉक्स पुन्हा बाहेर.

अशा तीन संधी. तिसऱ्यांदा पेला पालथा पडला की त्या मेकॅनिकने त्या गाडीला परत हात लावायचा नाही, असा रिवाज. ही पद्धत कुणी सुरू केली मला ठाऊक नाही. माझ्या आधीची असावी. मात्र शेवटचा घोट तोंडात धरून, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत, पेला हवेत तसाच धरून ठेवायचा, ही भर माझी. भल्याभल्या मिस्त्रींच्या कपाळावर थंडीत घाम यायचा. ते मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

चंदर माझ्याच हाताखाली तयार झाला. पेठच्या पलीकडच्या डोंगरातला. भात कापून झाला की तिकडची माणसं टोळ्या करून खाली द्राक्षबागांच्या कामाला येतात, तसाच तोही आला होता, आणि कसा कोण जाणे बागेऐवजी फाट्याजवळच्या एका गॅरेजमध्ये शिरला, जिथे मी पाळी सुटली की जाऊन बसायचो. ओझी उचलायला ठेवलेला माणूस तिसऱ्या वर्षी गिअरबॉक्स खोलत होता. तिशीचा असेल. कमी बोलायचा. खोललेला प्रत्येक भाग जुन्या धोतराच्या फडक्यावर ओळीने मांडायचा आणि जोडताना डोळे मिटायचा. एकदा मी त्याचा दांडा चिमटीत धरला आणि माझ्या लक्षात आलं की हा आपल्या पुढे गेला. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नागलीची भाकरी थापणाऱ्या हातांना पितळ काय कळणार?" सगळे हसले. चंदरही हसला. तो माझ्या विनोदांना हसायचा, मला तेही खुपायचं.

सायखेड्याचे बापू द्राक्षवाले. मोठी बाग, मोठा आवाज, मन मात्र वाईट नाही. त्यांनी देवळालीच्या एका म्हाताऱ्या पारशीबाबाकडून एक विलायती गाडी उचलली. हिरवी, दोन सीटची, जमिनीला चिकटलेली, टपाला कापड. गिअरचा दांडा वीतभर. इतका आखूड की मनगटसुद्धा हलवायला नको. दुसरा गिअर मात्र रडत होता. तिची रचना अशी की गिअरबॉक्स काढायचा तर इंजिनासकट, साखळीने वर उचलून. दोन दिवसांचं हाडमोडं काम. बापूंनी ते चंदरला दिलं आणि त्या रविवारी शेडमध्ये सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं, "शेड माझी आहे. नानांनी पेला सरळ ठेवला की शेडची किल्ली चंदरची. मागची खोली पण त्याची. स्वतःचं गॅरेज चालव, लेका!"

चंदरने हातातला पाना खाली ठेवला. नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "नाना, खोली मिळाली तर जनीला घेऊन येईन. मग तिला बागेवर नाय जावं लागणार." जनी त्याची बायको. ती दर थंडीला टोळीबरोबर बागांवर यायची, पोर पाठीशी बांधून. नवरा नाशकात आणि बायको निफाडच्या कुठल्यातरी बांधावर, असे त्यांचे हिवाळे जायचे. मी म्हणालो, "गिअर बोलेल काय ते." कसला रुबाब होता माझा!

पहिल्या परीक्षेच्या सकाळी धुकं होतं, पांडवलेण्याचा डोंगर दिसत नव्हता. मी गाडी काढली. पहिला टाकला, क्लच दाबला, चिमटीने दांडा ओढला. हाताला काहीच लागलं नाही. अडथळा नाही, खटका नाही. दांडा इकडचा तिकडे गेला, गिअर पडला, गाडी धावली, पण बोटांना काही म्हणजे काही कळलं नाही. मेलेला गिअर, मी मनात म्हटलं. परत आलो, चहा प्यायलो आणि पेला पालथा घातला.

आता थांबून सांगतो. दांड्याला दोन टोकं असतात. खालचं गिअरबॉक्समध्ये असतं, वरचं माझ्या हातात होतं. दोष वरच्या टोकालाही असू शकतो, हे त्या शेडमधल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. बापूंनी स्वतः गाडी चालवली होती. "मला तर बरा वाटतो बुवा," ते म्हणाले, आणि लगेच, "पण नाना म्हणतात म्हणजे असेल." तिथे जमलेले सगळे इंजिनं कोळून प्यायलेले लोक होते. खरखर कुठून येते हे ते आवाजावरून सांगायचे. पण नानांचा हात तपासायची पद्धतच नव्हती.

त्याच दिवसांत मी घरी तव्यावरची पोळी उलथन्याशिवाय उलटायचो. सुलभा म्हणायची, "अहो, हात आहे की चिमटा? कुणाला दाखवताय एवढी मर्दुमकी?" मला ते कौतुकच वाटायचं. सकाळी शर्टाची बटणं लागायला वेळ लागायचा, मी थंडीला शिव्या द्यायचो. डॉक्टरने बोटांना टाचणी टोचून, "कळतंय का?" असं विचारलं ते फार नंतर.

चंदरने इंजिन उचललं, गिअरबॉक्स खोलला, कडी बदलली, परत बांधला. आठवडा गेला. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. हाताला काही नाही. पुन्हा पेला पालथा. या वेळी एकदोघं हळहळले. मी म्हणालो, "डोंगरातून खाली यायला एक पिढी जाते, गिअरबॉक्समध्ये शिरायला दोन." टाळी मिळाली. चंदरच्या नखांजवळची कातडी थंडीने आणि रॉकेलने फाटली होती. तो पान्ह्यांना फडकं मारत राहिला.

तिसऱ्या रविवारी शेडच्या दारात एक बाई स्टोव्हला पंप मारत होती. जनी. चंदरला एवढी खात्री होती की त्याने तिला आदल्या दिवशीच बोलावून घेतलं होतं. गाठोडं मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवलेलं होतं, अजून आत नेलेलं नव्हतं. चहा तिनेच केला. मी विल्होळीहून परत आलो आणि उतरलो. हाताला काहीच लागलेलं नव्हतं. तिने स्टीलचा पेला काठोकाठ भरून पदरात धरून आणला. मी तो डाव्या हातात घेतला, पंजा गारठला होता म्हणून चांगला गुंडाळून धरला, आणि नेहमीसारखा सगळ्यांकडे बघत उभा राहिलो.

चंदर माझ्याजवळ आला. इतका जवळ की दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये.

"नाना," तो म्हणाला, "गिलास लय गरम हाय."

"मग?"

"चहा आत्ताच उकळून काढलाय. मला नाय धरवणार. जनीनं पण पदरात धरून आणला." मग म्हणाला, "तुमच्या बोटांकडं बघा."

मी बघितलं. बोटांची पेरं लालभडक झाली होती आणि मधल्या बोटावर फोड येत होता, माझ्या डोळ्यांसमोर. आणि मला काहीही होत नव्हतं. दुसऱ्याचाच हात आपल्या खांद्याला लावलाय असं वाटलं. सगळं एका क्षणात कळलं. पोळ्या, बटणं, पहिला रविवार, दुसरा रविवार. चंदरच्या डोळ्यांत मला कसलाही विजय दिसला नाही, तो नुसता वाट बघत होता. तो हे मोठ्याने बोलू शकला असता. एका वाक्यात माझं नाव संपलं असतं, कारखान्यातलंही. तो हळू बोलला. मला निभावून न्यायला त्याने जागा ठेवली होती. पेला सरळ ठेवायचा आणि म्हणायचं, हां, आता जमलं. एवढंच करायचं होतं.

पण पेला सरळ ठेवला असता तर चंदर आयुष्यभर हे जाणून राहिला असता, आणि मी त्याच्या मेहेरबानीवर नाना राहिलो असतो. नागलीवाल्याच्या मेहेरबानीवर. हा विचार मी केला. रागाच्या भरात केला, गोंधळून केला, असं म्हणायची सोय नाही. फुंकून फुंकून चहा संपवला, शेवटचा घोट नेहमीपेक्षा जास्त वेळ तोंडात धरला, शांतपणे सगळा हिशेब केला आणि पेला बॉनेटवर पालथा घातला.

जनीला आमची पद्धत माहीत नव्हती. तिने पालथ्या पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "साखर कमी पडली काय?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

चंदरने पेला उचलला, विसळला आणि तिच्या हातात दिला. उंबऱ्यावरचं गाठोडं उचललं. बापूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून, "नशीब रे," असं काहीतरी पुटपुटलं. दोघं फाट्याकडे चालत गेले. मी बोटं खिशात घातली होती.

त्यानंतरचे दोन रविवार मी ती गाडी एकट्याने घेऊन बसलो. "आता नानांनाच बघावं लागणार," असं बापूच म्हणाले. इंजिन उचललं, गिअरबॉक्स टेबलावर घेतला. आत बघितलं तर एकेक दात धुतलेला, एकेक फट मोजून बसवलेली. असं काम मी त्याला शिकवलं नव्हतं, कारण मला येत नव्हतं. टेबलावरच दांडा लावून बघितला, डाव्या हाताने. काही नाही. मग उजव्या हाताने, चिमटीत. अडला, थांबला, खटका दिला आणि पडला. पुन्हा केला. दहाबारा वेळा केला. मग झाकण होतं तसं लावलं, तेल ताजं भरलं आणि गाडी बापूंना दिली. बापू विल्होळीपर्यंत जाऊन आले ते ओरडतच, "बघा! लोणी! ह्याला म्हणतात हात!" मला चहा दिला. तो मी उजव्या हाताने प्यायलो आणि पेला सरळ ठेवला.

चंदरला नाशकात पुन्हा कुणी गिअरबॉक्स दिला नाही. नानांनी तीनदा नापास केलेला माणूस. शेडमध्ये दुसराच कुणी आला, वेल्डिंग करणारा. माझा हात मी पुढे दोनतीन वर्षं तसाच निभावून नेला, शब्दांच्या जोरावर. मग एका तपासणीत साहेबांनी पकडलं, कागदपत्रं झाली आणि मी स्वेच्छेने घरी बसलो. निरोपाच्या भाषणात एकजण म्हणाला की नानांच्या हातात देव होता. सुलभाने माझ्याकडे बघितलं. टाचणीचं तिला माहीत होतं. चंदरचं मी तिलाही सांगितलेलं नाही.

त्याला मी एकदाच भेटलो, काही वर्षांनी, अशाच थंडीत. जुन्या गाड्यांच्या कुठल्याशा मिरवणुकीआधी बापूंनी त्यांची हिरवी गाडी बघायला सायखेड्याला बोलावलं होतं. गाडी पाहून झाली, बापू फोनवर गुंतले, म्हणून मी सहज बागेत शिरलो. घडांची विरळणी चालली होती. घडातले जास्तीचे मणी बारीक कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात. वेलीखाली टोळी उभी होती, माना वर करून. त्यात चंदर होता. अंगठा आणि दोन बोटांनी घड धरलेला, मिठाच्या चिमटीएवढाच. डोळे मिटलेले नव्हते, एवढाच फरक.

"नाना!" तो म्हणाला. खरंच आनंद झाल्यासारखा म्हणाला. मी शिव्यांची तयारी करून होतो, त्या मिळाल्या नाहीत. जनी तिथेच होती. तिने तीन दगडांवर चहा ठेवला आणि मूठभरून साखर टाकली, मग माझ्याकडे बघून अजून थोडी टाकली. चंदरने पेला आपल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "फडक्यानंच धरा," म्हणाला. त्याने हे अगदी साधेपणाने केलं, म्हाताऱ्या माणसाला बांधावरून हात द्यावा तसं. थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

बागेत कात्र्यांचा आवाज येत होता. मी घोट घेतला. भयंकर गोड होता. चंदर जरा घुटमळला आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "नाना, एक विचारू? राग नाय ना येणार?"

"विचार."

"तुम्ही मागून खोलला व्हता ना त्यो गिअरबॉक्स. मला बाकी काय नको. गेलं ते गेलं." त्याने कात्री या हातातून त्या हातात घेतली. "दुसरा बरा पडत व्हता का?"

जनी ऐकत होती, बाकी कुणी नाही. माझं नाव कधीच संपलं होतं. हात सगळ्यांना माहीत झाला होता. जायला माझ्याजवळ काही उरलेलंच नव्हतं. एक "हो" म्हणायचं होतं.

"इतक्या वर्षांनी कुठलं आठवतंय रे," मी म्हणालो.

"बरोबर हाय," चंदर म्हणाला. "लय वर्सं झाली." आणि तो वेलीखाली गेला.

ते "हो" मी का म्हणालो नाही, यावर गेले कित्येक हिवाळे विचार करतोय. हाताचं निमित्त करून बरंच काही खपतं, लोक म्हणतात नाना आजारी होते. पण बागेत उभा होतो तेव्हा जीभ चांगली धडधाकट होती. सवय, दुसरं काय! माणूस एकदा पेला पालथा घालायला शिकला की सरळ ठेवायला लागणारी ताकद त्याच्यात उरत नाही. उगाच पश्चात्तापाच्या गोष्टी मी सांगणार नाही. पश्चात्ताप झाला असता तर सायखेडा इथून तासाभराच्या आत आहे, एसटी जाते, थंडीत टोळ्या तिथेच असतात. मी गेलेलो नाही. आजही जाणार नाही, ओळखतो मी मला.

सुलभाने आत्ता कप आणून ठेवला आहे. निवलेला. खालचा तो गाढव पुन्हा गाडी चालू करतोय.

पडत होता, चंदर. उजव्या हाताने बघितला होता मी.